राउटर ज्यानं बसवला, जबाबदारी त्याची

घरातल्या इंटरनेटच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की बासर, मुधोळ, भैंसा या पट्ट्यात तीन उत्तरं ठरलेली असतात. एवढ्या लहान गावात कोण येतंय हल्ला करायला, हे पहिलं. आमच्या घरात चोरण्यासारखं आहे तरी काय, हे दुसरं. तिसरं उत्तर काहीतरी घडून गेल्यावर इंटरनेट पुरवणाऱ्याकडून येतं: ग्राहकानंच पासवर्ड बदलायला हवा होता. पहिली दोन उत्तरं माहिती नसल्यामुळे दिली जातात आणि ती देणाऱ्यांवर माझा राग नाही. तिसरं उत्तर मात्र ज्यांना सगळं ठाऊक आहे अशा लोकांकडून येतं. या लेखाचं भांडण त्या तिसऱ्या उत्तराशी आहे. पण पहिली दोन आधी खोडून काढावी लागतील, कारण तिसरं उत्तर त्यांच्याच आधारावर टिकून आहे. धोका लहान वाटला की त्याची जबाबदारी कुणावरही ढकलता येते.

लहान गावाचं आधी पाहू. ज्ञानसरस्वतीच्या दर्शनाला, लेकरांच्या अक्षराभ्यासाला नांदेड, परभणी, लातूरकडून माणसं येतात ती बासरचं नाव घेत येतात. धर्माबाद गेलं की पुढचं स्टेशन कुठलं हे त्यांना माहीत असतं. इंटरनेटवर हल्ला करणाऱ्या प्रोग्रामला गाव ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. त्याच्यासमोर फक्त आकडी पत्ते असतात. इंटरनेटच्या जुन्या पत्तेपद्धतीत असे एकूण सुमारे 430 कोटी पत्ते बसतात. 2013 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचा प्रोग्राम तयार केला. एका साध्या संगणकावरून आणि एक गिगाबिटच्या जोडणीवरून तो हे सगळे पत्ते 45 मिनिटांच्या आत ठोकून पाहू शकतो. जगातला प्रत्येक पत्ता, त्यात न्यूयॉर्कची बँक आली आणि बासरच्या स्टेशनरोडवरचं दुकानही आलं. हा प्रोग्राम संशोधनासाठी होता. तेच काम गुन्हेगार रात्रंदिवस करत असतात. तुमच्या राउटरचा दरवाजा आजवर कुणी ठोठावलाच नाही, असं समजण्याला काहीही आधार नाही.

यावर थोडी माहिती असलेला माणूस म्हणतो, आमच्या कंपनीनं शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय, त्यामुळे आमच्या घरापर्यंत बाहेरचा कुणी थेट येऊच शकत नाही. यात तथ्य आहे, पण अर्धंच. बाहेरून येणारा अडतो. त्याच पुरवठादाराच्या जाळ्यात आधीच बाधित झालेला शेजारचा राउटर किंवा घरातल्या फोनवर आलेलं बनावट ॲप अडत नाही. शिवाय नव्या पत्तेपद्धतीत, जिच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. तिथं राउटरमधलं फायरवॉल बंद असेल तर मधे कुणी उभं नाही. पत्त्यांच्या टंचाईमुळे मिळालेला आडोसा म्हणजे संरक्षण नव्हे.

11 ऑक्टोबर 2016 रोजी बासर आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नव्या निर्मल जिल्ह्यात गेलं. त्यानंतर दहाच दिवसांनी, 21 ऑक्टोबरला, संकेतस्थळांची नावं आकडी पत्त्यांशी जुळवून देणाऱ्या अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर असा मारा झाला की ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारखी संकेतस्थळं कित्येक तास अनेकांना उघडेनात. हा मारा मोठमोठ्या संगणकांनी केला नव्हता. घरोघरचे कॅमेरे, त्यांची रेकॉर्डिंग ठेवणारे डीव्हीआर आणि राउटर यांनी तो केला, आणि त्यांच्या मालकांना याचा पत्ता नव्हता. 'मिराई' हे त्या प्रोग्रामचं नाव. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या. तो प्रत्येक पत्त्यावर जाऊन त्या जोड्या लावून पाहायचा. एक लागली की ते उपकरण त्याचं, आणि मग ते उपकरण पुढचे पत्ते शोधू लागायचं. तो लिहिणारे तीन तरुण विशीच्या आसपासचे होते, एक तर विद्यापीठात शिकत होता. सुरुवात झाली ती माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर पाडण्यापासून. डिसेंबर 2017 मध्ये तिघांनी गुन्हा कबूल केल्याचं जाहीर झालं. ज्या लाखो घरांतली उपकरणं त्यांनी वापरली त्यांपैकी एकाही घराशी त्यांचं वैर नव्हतं.

लहान जागा सुटते असं अजूनही कुणाला वाटत असेल तर त्यानं लायबेरियाकडे पाहावं. पश्चिम आफ्रिकेतला हा गरीब देश. तिथल्या लोनस्टार या मोबाईल कंपनीवर 2016 मध्ये मिराईच्याच एका अवतारानं मारा झाला. तो करणाऱ्या ब्रिटिश माणसाला प्रतिस्पर्धी कंपनीशी संबंधित व्यक्तीकडून पैसे मिळत होते. जानेवारी 2019 मध्ये लंडनच्या न्यायालयानं त्याला 32 महिन्यांची कैद दिली. मोठ्या शहरांत चालणारी भांडणं, धंद्यातल्या स्पर्धा आणि खुन्नस यांचं हत्यार म्हणून कुठल्याही कोपऱ्यातली घरं वापरली जातात. ज्या घरांवर कुणाचं लक्ष नसतं, तीच त्यांना जास्त सोयीची पडतात.

आता दुसरं उत्तर. आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?

पत्ता आहे. तुमच्या नावावर, आधार आणि फोटो देऊन घेतलेल्या जोडणीचा पत्ता. गुन्हेगाराला बहुतेक वेळा तुमचे पैसे नकोच असतात. त्याला तुमचं नाव हवं असतं. त्या नावाच्या आड उभं राहून त्याला आपलं काम उरकायचं असतं. यासाठी परदेशातलं उदाहरण शोधायला नको, नवी मुंबईतलं आहे.

26 जुलै 2008 च्या संध्याकाळी अहमदाबादेत एकापाठोपाठ एक बॉम्बस्फोट झाले. 56 माणसं गेली. स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल पोचली होती, इंडियन मुजाहिदीनच्या नावानं. पोलिसांनी ईमेलचा आकडी पत्ता तपासला, पुरवठादाराकडे त्याची नोंद पाहिली आणि महाराष्ट्राचं दहशतवादविरोधी पथक नवी मुंबईच्या सानपाड्यातल्या एका इमारतीत जाऊन पोचलं. फ्लॅटमध्ये एक अमेरिकी नागरिक कुटुंबासह राहत होता. त्याचा संगणक पोलिसांनी घेतला, त्याची चौकशी झाली, त्याचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. प्रत्यक्षात त्याच्या घरातलं वायफाय बिनपासवर्डाचं होतं आणि दुसऱ्याच कुणीतरी बाहेरून ते वापरून ईमेल पाठवली होती. पुढच्या दोन महिन्यांत हीच युक्ती आणखी दोनदा झाली: ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या जोडणीवरून आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीच्या स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून. नंतर या ईमेलप्रकरणी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक झाली.

त्या अमेरिकी माणसाची बाजू घेणारी कंपनी होती, वकील होते, दूतावास होता. बासरच्या किंवा मुधोळच्या एखाद्या शिक्षकाच्या, किराणा दुकानदाराच्या, लॉजवाल्याच्या दारात असाच कागद घेऊन पोलीस आले तर त्याच्या बाजूनं कोण उभं राहील? नोंदवहीत नाव त्याचं. 'साहेब, मी काही केलं नाही' याखेरीज त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही, कारण त्याच्या राउटरमध्ये कोण कधी आलं याची नोंद राउटर ठेवत नाही, किंवा ठेवली तरी वीज गेली की पुसली जाते. निर्दोष ठरेलही तो शेवटी. पण फोन जप्त, दुकान बंद, गावात चर्चा, तालुक्याला खेटे, आणि घरी लग्नाची मुलगी. या सगळ्याची भरपाई कोणतंही न्यायालय करून देत नाही.

2008 नंतर गुन्हेगारांना इमारतीखाली उभं राहून वायफाय शोधण्याचीही गरज उरलेली नाही. आता घरांचे पत्ते भाड्यानं मिळतात. मे 2024 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं 911 एस5 नावाचं जाळं मोडल्याचं जाहीर केलं. त्यात 1 कोटी 90 लाखांहून अधिक पत्ते गोवले गेले होते, जगातल्या जवळजवळ 200 देशांतल्या घरांचे. फुकट व्हीपीएन म्हणून लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रोग्रामांमधून हे घडलं होतं. पैसे भरले की गुन्हेगाराला हव्या त्या देशातल्या, हव्या त्या भागातल्या कुणाच्या तरी घरातून इंटरनेटवर फिरता यायचं. 'फुकट' या शब्दावर आपल्याकडे जो विश्वास आहे तो पाहता या बातमीला मराठी आणि तेलुगू वर्तमानपत्रांत पहिलं पान मिळायला हवं होतं.

आणि पैसेही चोरले जातातच. ब्राझीलमध्ये 2011 च्या सुमारास घरोघरच्या मोडेमांमधल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन गुन्हेगारांनी 45 लाखांच्या आसपास मोडेमांची एकच सेटिंग बदलली. बँकेचं नाव टाइप केल्यावर ते नाव कोणत्या आकडी पत्त्याचं आहे हे सांगणारा सर्व्हर त्यांनी स्वतःचा बसवला. माणूस आपल्या संगणकावर अँटिव्हायरस ठेवून, नाव नीट टाइप करून बँकेकडे निघाला आणि बनावट बँकेत पोचला. त्यानं कुठली चूक केली होती? कुठलीच नाही. संगणक स्वच्छ होता, बोटं नीट चालली होती. भिंतीवरचा डबा खोटं बोलत होता.

इथं आपण तिसऱ्या उत्तराशी येतो. ग्राहकानं पासवर्ड बदलायला हवा होता.

जुलै 2017 च्या शेवटच्या आठवड्यात बीएसएनएल आणि एमटीएनएल या दोन सरकारी कंपन्यांच्या ग्राहकांचे मोडेम एकाएकी मरू लागले. बातम्यांत आलेला आकडा 60,000 हून अधिक मोडेमांचा होता. कर्नाटकात फटका मोठा होता. ब्रिकरबॉट नावाच्या प्रोग्रामनं हे केलं आणि त्याच्या निनावी कर्त्यानं जबाबदारी उघडपणे घेतली. त्याचं म्हणणं, असुरक्षित उपकरणं गुन्हेगारांच्या हाती जाण्याआधी आपण ती निकामी करतो. या माणसाची बाजू मला घ्यायची नाही. दुसऱ्याच्या घरातली वस्तू मोडणं हा गुन्हाच आहे, हेतू काहीही सांगितला तरी. पण त्या प्रसंगानं जे उघड झालं ते महत्त्वाचं आहे. मोडेमांवर नाव 'ॲडमिन' आणि पासवर्डही 'ॲडमिन' होता. आणि हल्लेखोराच्या सांगण्यानुसार, मोडेमांची दुरून देखभाल करण्यासाठी असलेलं 7547 क्रमांकाचं दार कंपन्यांनी साऱ्या जगाला उघडं ठेवलं होतं. बीएसएनएलनं तेव्हा ग्राहकांना काय सांगितलं? पासवर्ड बदला.

हे दार ग्राहकाच्या उपयोगाचं नसतं. ते आहे हेही त्याला माहीत नसतं. कंपनीच्या माणसाला घरी न येता सेटिंग बदलता यावी म्हणून ते ठेवलेलं असतं, आणि ते फक्त कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरसाठीच उघडावं ही साधी व्यवस्था कंपनीच्या जाळ्यातच करता येते. ती न करता दोष म्हाताऱ्या पेन्शनराच्या माथी मारायचा, ज्यानं मुलाशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून जोडणी घेतली, हा अन्याय आहे. याला दुसरा शब्द नाही.

बीएसएनएलच्या त्या प्रसंगाच्या आठ महिने आधी जर्मनीत काय झालं ते पाहा. 27 नोव्हेंबर 2016 ला डॉइश टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांचे राउटर बंद पडले. कारण होता मिराईचाच एक अवतार. दारही त्याच दुरून देखभालीच्या व्यवस्थेचं. पण पुढे जे झालं ते वेगळं. कंपनीनं आपल्या जाळ्यात ती वाहतूक अडवली, राउटर बनवणाऱ्याकडून दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर तातडीनं मिळवलं आणि ते राउटरमध्ये स्वतः पोचवायला सुरुवात केली. ग्राहकाला सांगितलं ते एवढंच की राउटर बंद करून पुन्हा चालू करा. जर्मन ग्राहक आपल्यापेक्षा जास्त हुशार होता म्हणून हे झालं नाही. तिथल्या कंपनीनं राउटरला आपल्या जाळ्याचा भाग मानलं. आपल्याकडे राउटर बिघडला की तो ग्राहकाचा, आणि त्यात शिरायचं असेल तेव्हा कंपनीचा.

वरचं शेवटचं वाक्य मी विचारपूर्वक लिहिलं आहे. आज फायबरची जोडणी घेतली की पुरवठादार स्वतःचा डबा आणून भिंतीला लावतो. ग्राहकाला वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो. पण त्या डब्याच्या आत जाण्याची वरच्या दर्जाची किल्ली, जिच्यानं दुरून देखभाल बंद करता येते, सॉफ्टवेअर बदलता येतं, ती बऱ्याच पुरवठादारांकडून ग्राहकाला मिळतच नाही. मागितली तर 'कंपनीचं धोरण नाही' असं उत्तर येतं. काही मॉडेलांमध्ये हीच किल्ली हजारो डब्यांना एकसारखी असते. म्हणजे ज्या कुलपाची किल्ली ग्राहकाच्या हातात नाही ते कुलूप त्यानं बदलायला हवं होतं असं त्याला सांगितलं जातं. घरगुती गॅसचं सिलिंडर गळकं निघालं तर एजन्सी 'तुम्ही वायसर तपासायला हवं होतं' म्हणून हात झटकू शकत नाही. मग इंटरनेटच्या डब्याला वेगळा न्याय का?

सरकारला हे कळत नाही असंही नाही. 2008 च्या त्या ईमेलांनंतर, फेब्रुवारी 2009 मध्ये, दूरसंचार खात्यानं वायफायच्या सुरक्षिततेबद्दल सूचना काढल्या त्या इंटरनेट पुरवठादारांना उद्देशून. दहशतवादाचा प्रश्न आला तेव्हा राज्यानं बोट बरोबर जागी ठेवलं होतं. मग हेच बोट घरातल्या राउटरच्या बाबतीत पुन्हा ग्राहकाकडे का वळतं? 2017 च्या नियमांनी दूरसंचार साधनांची सक्तीची चाचणी आली, बंगळूरच्या राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्रानं घरगुती वायफाय उपकरणांसाठी सुरक्षेचे निकष तयार केले, आणि त्यांच्या सक्तीची तारीख पुढे ढकलण्यात आली. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या बाबतीत सरकारनं 2024 मध्ये नियम अधिसूचित करून ते एप्रिल 2025 पासून लागू केले, तेव्हा हे करता येतं हेही सिद्ध झालं. हे नियम नव्यानं विकल्या जाणाऱ्या मालासाठी असतात. भिंतींवर आधीच लागलेल्या डब्यांचं काय, याचं उत्तर त्यांत नाही.

ब्रिटननं याचा निकाल लावला आहे. तिथं 2022 चा कायदा 29 एप्रिल 2024 पासून अमलात आला आणि कारखान्यातून एकच सर्वसामान्य पासवर्ड घालून उपकरण विकणं बेकायदा झालं. सुरक्षेची दुरुस्ती किती काळ मिळेल हे विकतानाच सांगावं लागतं. जबाबदार कोण? बनवणारा, आयात करणारा, विकणारा. दंड 1 कोटी पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या 4 टक्के, यांत जे जास्त असेल तिथपर्यंत. घरमालकाचं नाव त्या यादीत नाही. कॅलिफोर्नियात असाच कायदा 1 जानेवारी 2020 पासून आहे.

या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याच भागातला आहे, आणि तो टाळून पुढे जाणं योग्य नाही. मोठ्या कंपन्यांचं ठीक, पण आमच्याकडे इंटरनेट देतो तो गावातला केबलवाला. त्याच्याकडे अभियंता नाही, घरोघरी वसुली करताना त्याचा जीव जातो, मोठ्या कंपन्यांच्या दरांपुढे तो कसाबसा टिकून आहे. त्याच्यावर हे ओझं कसं टाकणार? या माणसाबद्दल मला आस्था आहे. पावसाळ्यात खांबावर चढून तुटलेली वायर जोडणारा तोच असतो. पण त्याच्याकडून जे अपेक्षित आहे त्याचा खर्च पाहा. बाहेरून 23 आणि 7547 या क्रमांकांच्या दारांकडे येणारी वाहतूक आपल्या मुख्य राउटरवर अडवणं, हे काही ओळींचं काम आहे आणि ते एकदाच करायचं आहे. नवा डबा बसवताना प्रत्येकाला वेगळा पासवर्ड टाकून तो डब्याच्या खाली चिकटवणं, याला दोन मिनिटं लागतात. दुरून देखभालीची सोय त्याच्याकडे आहेच. तिच्यातूनच सॉफ्टवेअरची दुरुस्ती सगळ्या डब्यांत एका बैठकीत जाते. त्याचे पाचशे ग्राहक असतील तर ही कामं तो एका आठवड्यात संपवू शकतो. तीच कामं पाचशे कुटुंबांनी आपापल्या घरी करायची म्हटलं, त्यांत अर्ध्या घरांत संगणकही नाही, तर ती कधीच होणार नाहीत. आणि त्याला शिकवणं, साधनं पुरवणं हे ज्या मोठ्या कंपनीकडून तो बँडविड्थ घेतो तिचं काम आहे.

दुसरा आक्षेप असा की अशानं ग्राहक बेजबाबदार होईल. होणार नाही. ग्राहकाच्या हाती जे खरोखर आहे त्याची जबाबदारी त्यानं घ्यायचीच आहे, आणि ती पुरेशी आहे.

वायफायचा पासवर्ड त्याच्या हाती आहे. आपल्या भागात तो सर्रास मोबाईल नंबर असतो. दहा आकडे म्हणजे लांब वाटतात. पण भारतातले मोबाईल नंबर 6, 7, 8 किंवा 9 नं सुरू होतात, म्हणजे शक्यता झाल्या 400 कोटी. फोन राउटरला जोडला जाताना हवेत जी देवाणघेवाण होते ती रस्त्यावरून टिपून घेता येते आणि घरी नेऊन तिच्यावर पासवर्ड लावून पाहता येतात. खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या एका ताकदवान ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला दहा लाखांच्या घरात असे पासवर्ड तपासले जातात. भागाकार करा: भारतातले सगळे शक्य मोबाईल नंबर तासाभरात, फार तर सव्वा तासात तपासून होतात. आणि तुमचा नंबर तर दुकानाच्या पाटीवर लिहिलेला आहे. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी किंवा तेलुगू शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा, मधे एखादा आकडा घाला. लक्षातही राहील आणि तुटणारही नाही. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए2 किंवा त्याहून नवा डब्ल्यूपीए3 असावा. फार जुन्या राउटरवर डब्ल्यूईपी दिसलं तर तो राउटर काढून टाका, ती पद्धत 2001 पासून मोडलेली आहे. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोय बंद करा. तो पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जेमतेम 11,000 प्रयत्नांत सापडतो, हे 2011 मध्येच उघड झालं आहे.

कॅमेरा तर आपण स्वतः विकत आणतो. तो ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून घेतला असेल आणि त्याचा पासवर्ड बदलताच येत नसेल, तर तो कॅमेरा घराचं रक्षण करत नाही. मिराईच्या वेळी झियाँगमाई या चिनी कंपनीला आपले काही कॅमेरे बाजारातून परत मागवावे लागले होते. कॅमेरे, टीव्ही आणि पाहुण्यांचे फोन यांच्यासाठी बहुतेक राउटरांत वेगळं पाहुण्यांचं वायफाय देता येतं; लॉजवाल्यांनी तर ते दिलंच पाहिजे. काउंटरच्या संगणकावर बँकेचे व्यवहार करायचे आणि त्याच वायफायचा पासवर्ड प्रत्येक खोलीच्या भिंतीवर लावायचा, हे चालणार नाही. राउटर संथ किंवा विचित्र वागू लागला तर तो बंद करून चालू करा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. मिराईसारखा प्रोग्राम फक्त चालू स्मृतीत राहतो, वीज गेली की जातो, आणि पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत येतो.

एवढं ग्राहकाचं. याच्या पलीकडचं सगळं दुसऱ्यांचं.

बासरला 2008 पासून राजीव गांधी विद्यापीठ आहे, लोक ज्याला ट्रिपल आयटी म्हणतात. दहावीनंतर ग्रामीण भागातली हुशार मुलं तिथं सहा वर्षं शिकतात आणि अभियंते होऊन बाहेर पडतात. मिराई लिहिणारी मुलं याच वयाची होती. या विद्यार्थ्यांकडून माझी एक मागणी आहे. सुट्टीत घरी जाल तेव्हा आई-वडिलांच्या राउटरची सेटिंग पाहा, शेजाऱ्यांचीही त्यांना विचारून पाहा, आणि काय सापडलं ते एकत्र करून विद्यापीठामार्फत दूरसंचार खात्याकडे द्या. कुठल्या पुरवठादाराचे डबे कोणत्या पासवर्डावर, कोणती दारं उघडी ठेवून बसवले आहेत याची गावागावातून आलेली माहिती समोर आली, तर 'ग्राहकाची चूक' म्हणणं कुणालाच सोपं राहणार नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारनं सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. बाधित उपकरणं ओळखून पुरवठादारांमार्फत ग्राहकांना सावध करणं हे त्याचं काम. निरोप पुरवठादारापर्यंत येत असेल तर तो घरापर्यंत का पोचत नाही, हेही विचारा.

वाचकांना सांगायचं ते थोडक्यात. पुढच्या वेळी नेटचे पैसे भरायला जाल तेव्हा पुरवठादाराला विचारा की माझ्या डब्याचा व्यवस्थापनाचा पासवर्ड इतरांपेक्षा वेगळा आहे का, दुरून देखभालीचं दार फक्त तुमच्याच सर्व्हरला उघडं आहे का, या डब्याचं सॉफ्टवेअर शेवटचं कधी बदललं, आणि माझी जोडणी बाधित असल्याचा निरोप तुम्हाला आला तर तो मला कोण आणि किती दिवसांत कळवेल. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा, पोलीस ठाण्यात तक्रारीची प्रत घ्या. आणि या प्रश्नांची उत्तरं पुरवठादाराकडून लेखी मागा. ती मिळेपर्यंत वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नका.